भागवतची चौकशी

बसा पाव्हने. बाकडा जरा हालते, पन पडत नाई. तुमी आल्या आल्या भागवतचं घर कुठं असं नाई इचारलं, भागवत पोरगा कसा आहे असं इचारलं. म्हंजे तुमी कोन, कुठचे, हे मले कळलं. नाव सांगू नका, मी इचारतबी नाई. आमच्या इकडं पोरीकडचा मानूस पयले गावात जातच नाई. फाट्यावर उतरते, हाटेलात चाय घेते, बैल पाहाले आलो नाईतं बोकड पाहाले आलो म्हनते, अन् मंग चाय फुकता फुकता सहज काढल्यावानी पोराचं नाव काढते. तुमी बोकडाचं सोंग नाई घेतलं, सरळ इचारलं. म्हनून मीबी सरळ सांगतो. पन 'चांगला आहे' एवढ्यावर नाई भागत. तसं त सारेच सांगतात, दारू पेऊन नालीत पडनाऱ्याचंबी सांगतात. मी तुमाले एक किस्सा सांगतो. ह्याच हाटेलात झालेला. पुरा आयका, मंग पोरगा कसा ते तुमीच ठरवा.

खरं सांगू का? सांगाचं म्हनलं त भेवच वाटते. ह्या बाकड्यावर लोकाइचे लग्न जुळले अन् इथंच मोडले. माह्या तोंडातून एक शब्द वाकडा गेला त भागवतच्या मायच्या, त्या विमलबाईच्या घरात सून येत नाई. लय भारी काम आहे हे. चाय उकळनं सोपं.

मी कचरू. जय भीमवाला. काही लोक नाव इचारून चाय पेतात, काही लोक नाव इचारून पेत नाईत. न पेनाऱ्याले मी गावची कायबी खबर सांगत नाई, म्हनतो बसा उन्हात. तुमी पेले. आपलं जमलं.

त भागवत. शेषराव वारला, आता घरी तो अन् माय. वावर चांगलं, हिरीले पानी, तंबाखूबी खात नाई. पस्तिशी लागली. पन थोबाड असं, जसं बजाराच्या दिवशी बंद असलेल्या दुकानाचं शटर. रस्त्यानं चालला त खाली मान, कोनी 'काय भागवत' म्हनलं त 'हं'. 'जेवला का बे' त 'हं'. त्याच्या त्या 'हं'ले हो समजाव का नाई समजाव हे त्याच्या मायलेबी कळत नसन.

गावानं त्याचं नाव ठेवलं पनौती. काऊन? म्हने हात लावला तिथं वाटोळं. दोन सालाआधी सोयाबीन कापून, ढीग घालून सुडी लावून ठेवली, अन् पानी आलं ते बरोब्बर त्याच्या सुडीवर. शेजारच्या धुऱ्याले, बांधापलीकडं, माह्या पुतन्याचं, धम्मरत्नचं वावर. त्याचं सोयाबीन त्याच दिवशी सकाळी निघून पोत्यात गेलं. लोक म्हनले, पाहा, धम्मरत्न नशिबाचा अन् हा कमनशिबी.

मी पाहत होतो ना. नशीब कायचं! सोयाबीन काढाची मशीन, हडंबा, घेऊन तो डायवर इथंच थांबला होता. धम्मरत्ननं त्याले चाय पाजला, कुठचे तुमी, पोरंबाळं किती, टायरले काय झालं, सारं इचारलं. डायवर म्हने, उद्या सकाळी पयले तुहं काढतो, सांजेले आभाळ आहे म्हनतात. भागवत त्याच टायमाले त्याच्या बाजूनं गाडी घेऊन गेला. पाहलंबी नाई. मंग पानी कोनावर पडन?

त आता किस्सा. मागच्या हिवाळ्यात, तुरी सोंगाले आल्या तवा, विमलबाईच्या भावाचा निरोप आला. रोहिनखेडकडचं स्थळ आहे. पोरगी रेणुका, शिकेल, पन शेतीवाला चालते म्हनते. ह्या हप्त्यात त्याइचा मानूस चौकशीले येईन, गुपचूप. म्या सांगलं असं कोनाले सांगू नका, असंबी त्यानं कळवलं.

तुमाले माहीत आहे ना पाव्हने, आजकाल शेतकऱ्याच्या पोराले पोरगी कोन देते? सारे म्हनतात नोकरीवाला पाह्यजे. ह्याच्याआधी कितीक आले अन् इथूनच परत गेले. विमलबाई निरोप आयकून पयले देवापुढं नाई गेली, माह्याकडं आली. दम लागेल.

"कचरूभाऊ, कोनी नवं उतरलं की मले सांगजा."

"सांगतो ना माय."

"अन् चाय चांगला देजा. नव्या कपात."

"माह्या हाटेलात नवा कप नाई."

तिनं घरून पाठवले. फुलाचे.

मंग जे सुरू झालं! फाट्यावर कोनी उतरलं की आमचा जीव वर. मीटर पाह्यनारा आला, त्याले म्या फुलाच्या कपात चाय देला, वरून भजे. तो मले म्हने, बुवा, तुमचं बिल थकेल आहे का? एक डाव कडक पांढऱ्या कपड्यातला मानूस उतरला, हातात पिशवी, डोळ्यावर चष्मा. म्या विमलबाईले खबर धाडली. तिनं त्याले घरी नेऊन बसवलं, शिरा केला, भागवतले नवा शर्ट घालून समोर उभा केला. तो मानूस चादरी विकनारा निघाला. शिरा खाल्ला, दोन चादरी गळ्यात मारल्या अन् गेला. जाता जाता मले म्हने, लय माणुसकीचं गाव आहे तुमचं!

गाव हासलं. विमलबाई नाई हासली. तिचं जेवन तुटलं होतं. भागवतचं त इचारूच नका. आधीच बोलनं नाई, त्यात ही धाकधूक. माय म्हने, "हासत जाय रे जरा, पाव्हना पाह्यन." तो म्हने, "हासू का आता येड्यावानी? कोनाले पाहून हासू?"

मंग एक दिवस भागवत वावरात होता, पन तुरीकडं ध्यान नाई. सारं ध्यान डांबरी रोडवर. त्याले कोनी सांगलं होतं की ते लोक मोठे आहेत, पांढऱ्या कारनं येतात. दुपारच्याले धुऱ्याच्या वाटेनं एक बुढा आला. पायी. धुळीनं भरेल, डोक्याले दुपट्टा, चपलीले तार बांधेल. पुढचं मले धम्मरत्ननं सांगलं, तो शेजारी तूर सोंगत होता, सारं आयकत होता.

बुढा म्हने, "ओ भाऊ, इकडं कोनाचे बोकड इकाले आहेत का?"

भागवत रोडकडं पाहत म्हने, "माहीत नाई."

"बरं. जरा पानी भेटन का?"

"थे काय हीर. घ्या काढून."

"दोर कुठं आहे बापा?"

आता आयका, ह्यानं काय म्हनलं. म्हने, "बाबा, तुमी आज इथं नका थांबू. आमच्याइकडं पाव्हने येऊन राह्यले."

बुढा त्याच्या तोंडाकडं पाहतच राह्यला म्हने. मंग त्यानं धुरा ओलांडला. धम्मरत्ननं हाक मारली, "या बाबा, इकडं या सावलीत. पानीबी आहे अन् भाकरबी आहे. ठेचा तिखट आहे, आधीच सांगतो, मंग मले शिव्या देऊ नका." बुढा बसला. खाल्लं. धम्मरत्नचं तोंड त तुमाले सांगतो, रेडिओ बंद होईन पन ते नाई होत. कुठचे बाबा, रोहिनखेडचे का, तिथली जुनी मशीद म्या पाहली, लहानपनी बापासंग आलो होतो, तुमच्या गावात आमच्यातले लोक किती, बोकड कायले पाह्यजे, नातवाचं जावळ आहे का? बुढा हासून हासून खोकलला म्हने. मंग ह्यानं त्याले गाडीवर बसवून माह्याकडं आनलं.

म्या पाहलं, साधा बुढा. फुलाचा कप काढलाबी नाई. काचेच्या गिलासात चाय देला.

बुढ्यानं अर्धा चाय पेला अन् मले इचारलं, "तो धुऱ्याच्या त्या बाजूचा पोरगा कोन हो?"

"तो भागवत. काऊन?"

"शेषरावचा?"

पाव्हने, माह्या हातातली गाळनी तशीच राह्यली. अनोळखी बोकडवाल्याले मेलेल्या शेषरावचं नाव कसं माहीत? म्या म्हनलं, "चांगला पोरगा आहे बाबा. लय चांगला. सुपारीचं खांडबी खात नाई."

बुढा म्हने, "असन ना. म्या कुठं वाईट म्हनलं? मी रेणुकाचा मामा आहे. पन भाऊ, माह्या भाचीले जनम काढा लागन. जो मानूस पाव्हने येनार म्हनून पाव्हन्यालेच हाकलते, त्याच्या घरी तिच्याइकडचं कोन जाईन?"

मी कपाळ धरलं. धम्मरत्नच्या तोंडाकडं पाहलं, त त्याचंबी तोंड उतरेल. पोरगा मनाचा साफ आहे. म्हने, "काका, मी भागवतले घेऊन येतो," अन् गाडीले किक मारून गेलाबी.

भागवतले फोन लावला, बंद. तो फोन नेहमी बंदच. म्या बुढ्याले म्हनलं, दुसरा चाय घ्या. नको म्हने. म्या म्हनलं, गरम भजे काढतो. म्हने, खोकला आहे. तिकडून पिंपळगाव राजाची यष्टी याचा टाईम होऊन राह्यला, अन् बुढा दुपट्टा झटकून उभा. मी त्याले काय काय सांगत बसलो, पावसाचं, तुरीच्या भावाचं, माह्या गुडघ्याचं. तेवढ्यात विमलबाईले कोनं सांगलं कोनास ठाऊक, ती बिनाचपलीची पळत आली. बुढ्याले पाहलं, काचेचा गिलास पाहला, अन् तिले सारं कळलं. पदर तोंडाले लावून पान्याच्या टाकीजवळ उभी राह्यली. पुढं आली नाई. मले वाटे, बाई, तू तरी बोल. पन बोलनं त्या घरात कोनाले येतेच कुठं?

यष्टीचा आवाज वळनावर आला, अन् तिकडून धम्मरत्नची गाडी. मांगं भागवत. उतरला. धम्मरत्ननं वाटेत सारं सांगलंच असन, पोराचं तोंड पांढरं फट्ट पडेल. बुढा त्याच्याकडं पाहत थांबला. चांगला मानूस होता, खरंच थांबला. एका शब्दाची वाट पाहली त्यानं. 'चुकलं बाबा' म्हनलं असतं तरी भागलं असतं. 'चाय घेतला का' म्हनलं असतं तरी तो बसला असता, मी सांगतो. भागवतचे ओठ हालले. आमी सारे त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. माह्या मनात चालू, बोल बे, बोल, कायबी बोल.

तो म्हने, "गाडी आली."

बस. एवढंच. बुढ्यानं मान हालवली अन् चढला. खिडकीतून धम्मरत्नले म्हने, "पोरा, लग्न झालं का तुहं?" हा म्हने, "नाई बाबा, कोन देते?" बुढा म्हने, "नंबर सांग." गाडी चालू लागली, हा संग पळत पळत नंबर सांगे.

बुढ्याच्या गल्लीमांगं प्रेमानंद म्हनून आमच्यातला मानूस राहते. त्याची पोरगी सुवर्णा, दवाखान्यात नर्स आहे. बुढ्यानं जाऊन त्याले सांगलं, एक पोरगा पाहला, त्याच्या हाताचा ठेचा खाल्ला, पोरगी दे त्याले. झालं. उन्हाळ्यात लग्न लागलं. आता सांजेले ती इथूनच जाते, मले 'मामंजी जय भीम' म्हनते.

गाव काय म्हनलं माहीत आहे? धम्मरत्न नशिबाचाच. पाव्हना आला भागवतचा अन् लग्न झालं त्याचं!

भागवतबी तसंच म्हने. लग्नाहून आला अन् इथं, तुमी बसले ना, तिथंच बसला. मले म्हने, "काका, त्याचं नशीब आहे. माहं नाई."

मले असा राग आला! म्या म्हनलं, "नशीब? नशीब तुह्या वावरात पायी चालत आलं होतं बे! पानी मागून राह्यलं होतं. तू त्याले दोर नाई देला. अन् त्याच्या कपाळावर काय लिहिलं राह्यते का, मी नशीब आहे म्हनून? जो येते त्याले बोला लागते. शंभरातले नव्व्यान्नव चाय पेऊन जातात, काही देत नाईत. चादरी गळ्यात मारून जातात. पन तो एक कोनता, हे आधी कळत नाई ना रे बाप्पा!"

तो खाली मान घालून बोलला. इतक्या सालात म्या त्याले इतकं बोलताना पाहलं नव्हतं. म्हने, "काका, मले भेव वाटते. कोनी अनोळखी पाहलं की वाटते हा मले मोजून राह्यला. ह्याच हाटेलात कितीक जन मले पाहून गेले. कोनी म्हनलं रंग काळा, कोनी म्हनलं शेतीच करते. म्हनून पाहतच नाई मी कोनाकडं."

माहा राग कुठच्या कुठं गेला. पोरगा माजोरी नव्हता पाव्हने. भ्याला होता. आमी सारे त्याले माजोरी समजत होतो.

म्या म्हनलं, "एक काम कर. रोज सांजेले इथं येत जाय. अन् गाडीची वाट पाहनाऱ्यातल्या एकासंग बोलत जाय. एकच मानूस. त्याले तुले पोरगी द्याची नाई, तो कायले तुले मोजीन?"

तो आला हो. पयल्या दिवशी एका बुढीजवळ बसला अन् काय इचारलं? "आजी, तुमचं वय काय?" बुढीनं पिशवी उराशी धरली. दुसऱ्या डावाले पोलिसाले म्हने, "कुठं चालले?" पोलीस म्हने, "तुले काय करा लागते बे?" आमी पोट धरून हासलो, अन् तोबी हासला. पयल्यांदा पाहले म्या त्याचे दात. चांगले आहेत दात.

मंग हळूहळू जमलं. आता सांजेले येते, कोनी उभं असन त 'बसा ना' म्हनते. मधात त्याची गाय चारा सोडून पडली होती, मायनं आशा सोडली. इथं बसलेल्या एका बाईनं, जयमालाबाई नाव तिचं, म्हैशीवाली आहे, तिनं आयकून सांगलं हे अमकं दुखनं असन, ढोराच्या डाक्टरले हे म्हना. गाय उठली. गाव म्हने, पनौतीचं नशीब फिरलं! म्या म्हनलं, फिरलं नाई, त्यानं इचारलं.

पन मी खोटं नाई सांगनार. त्याच्यानंतर दोन स्थळं आले अन् गेले. एकाइले नोकरीच पाह्यजे होती, एकाइनं कारनच नाई सांगलं. बोललं की पोरगी भेटते असं काही नसते. विमलबाई अजूनबी रोज सांजेले दारात उभी राहून फाट्याकडं पाहते. अन् मले भेव हेच आहे की पोरगा अजून दोनचार डाव मोडला त पुन्हा शटर ओढून घेईन. आता उघडलं तेच लय मेहनतीनं उघडलं. पुन्हा नाई उघडाचं ते.

आता तुमी म्हनसान, हाटेलवाल्यानं पोराचे वाभाडेच काढले. काढले. लपवलं असतं अन् मंग तुमाले दुसरीकडून कळलं असतं, त माहं कोन आयकन? पोरगा कसा हे तुमी इचारलं, तो असा आहे. भेनारा आहे, अन् भेत भेत रोज येते.

हो, तो पाहा. धुऱ्याकडून तोच येऊन राह्यला, हातात तुरीच्या शेंगा. तुमी इथं येनार हे त्याले कोनीच सांगलं नाई, माह्या गळ्याची आन. तो तुमच्याजवळच येईन, दुसरं कोनी नाई ना आज गाडीले.

पाव्हने, जमिनीचे कागद मी तुमाले उद्या दाखवतो, मायचा सोभाव कसा ते गावात इचारा, त्याच्याबद्दल मी काहीच मागत नाई. एकच मागनं आहे. तुमी कोन हे त्याले सांगू नका. अन् त्याचं पयलं बोलनं हमखास वाकडं निघन, तुमाले हासू येईन, नाईत राग येईन. पन उठू नका. त्याच्या दुसऱ्या बोलन्यापर्यंत तेवढं बसा. सरका जरा तिकडं, त्याले जागा द्या.